सीमॉथमध्ये बसूनही ऑक्सिजन संपतोय? टाकी सोडा, आधी वीज तपासा

धुळ्याहून भाच्याचा पुन्हा तोच व्हॉइस मेसेज: "मामा, परत मरी गऊ. सीमॉथ व्हती तरी!" सबनॉटिका हा समुद्राखाली जीव जगवायचा गेम खेळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची ही ठरलेली तक्रार आहे. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, नंदुरबार, मेसेज कुठूनही येवो, मजकूर तोच. मोठी टाकी बनवली, सीमॉथ ही छोटी पाणबुडी बनवली, तरी पडदा काळा होतो आणि गडी परत बेसमध्ये, म्हणजे पाण्याखालच्या आपल्या घरात. मग पुढचा प्रश्नही ठरलेला: याच्यापेक्षा मोठी टाकी कुठे मिळते?

टाकी मोठी करून ही तक्रार मिटत नाही, कारण बहुतेक वेळा दुखणं टाकीचं नसतंच. गुदमरून मरणं पडद्यावर एकसारखं दिसतं, पण त्याच्या मागची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाजही वेगळा. म्हणून भाच्याला मी पहिला प्रश्न टाकीचा विचारत नाही. "मेलास तेव्हा कुठे होतास? गाडीत, गाडीबाहेर की बेसमध्ये?" एवढं कळलं की अर्धं निदान झालं.

खालचे सगळे आकडे मूळ सबनॉटिकाचे आहेत, जी जानेवारी 2018 मध्ये पूर्ण स्वरूपात आली. बिलो झिरो या त्याच्या पुढच्या गेमबद्दल शेवटाकडे दोन ओळी आहेत.

गाडीत बसलेलो असताना आकडा खाली येतो

सीमॉथला स्वतःची ऑक्सिजनची टाकी नाही. ती विजेवर चालते आणि जोवर वीज आहे तोवर आत बसणाऱ्याची टाकी भरलेली ठेवते. वीज शून्यावर गेली की आत बसणं आणि बाहेर पोहणं यात श्वासाच्या हिशेबाने काही फरक राहत नाही. रावेर-यावलकडच्या कुठल्याही केळीवाल्याला हे समजवावं लागणार नाही: विहीर तुडुंब असली तरी लाईट नसेल तर बागेला थेंब मिळत नाही.

आता पडद्याकडे बघा. खाली डावीकडे तुमच्या ऑक्सिजनचा गोल असतो. गाडीत बसलं की खाली उजवीकडे गाडीचे आकडे येतात: बॉडी किती शाबूत आहे, वीज किती टक्के आहे आणि बाहेरचं तापमान किती आहे. बहुतेकांचे डोळे सवयीने डावीकडेच असतात. गाडीत असताना डावीकडचा आकडा तर भरलेलाच दिसणार, त्यातून काही कळत नाही. ज्या आकड्यावर जीव अवलंबून आहे तो उजवीकडचा. सीमॉथमध्ये असताना नजर उजवीकडे ठेवायची, हा या सगळ्या लेखातला सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

सीमॉथमध्ये एकच पॉवर सेल बसतो आणि साधा सेल 200 युनिटचा असतो. तो दोन बॅटऱ्या आणि सिलिकॉन रबर वापरून बनतो. बॅटरी 100 ची, म्हणून सेल 200 चा, हिशेब सरळ आहे. गाडी हाकली की वीज जाते. सोनार मॉड्यूल लावलं असेल तर प्रत्येक वेळी सोनार मारला की जाते. मोठ्या माशाला झटका देणारं पेरिमीटर डिफेन्स असेल तर त्यालाही वीज लागते. पोरं सोनार दिवाळीच्या टिकल्यांसारखा वाजवत बसतात आणि मग म्हणतात, सेल लवकर संपतो.

आता मुद्द्याचं. वीज ज्या क्षणी शून्य होते त्या क्षणी तुमची स्वतःची टाकी पूर्ण भरलेली असते, कारण आदल्या क्षणापर्यंत गाडी ती भरत होती. म्हणजे बिघाड झाला तरी हातात आख्खी टाकी आहे. पण होतं काय, माणूस आत बसून राहतो. बटणं दाबतो, गाडी हलते का बघतो, आकडा का घटतोय याचं आश्चर्य करतो. त्या आश्चर्यात टाकीचा चांगला हिस्सा जातो. तेव्हा गाडी मेली की लगेच बाहेर पडायचं. खिशात भरलेला सेल असेल तर गाडीच्या मागच्या बाजूला जा, तिथल्या खाचेतला सेल काढून नवा घाला, परत बसा. टाकी पुन्हा भरू लागेल. सेल नसेल तर गाडी तिथेच सोडा आणि सरळ वर निघा. सीमॉथचं चिन्ह पडद्यावर दिसत राहतं, सेल बनवून परत येता येतं. गाडी कुठे पळून जात नाही.

जादा सेल खिशातच ठेवा. गाडीच्या स्टोरेज मॉड्यूलमध्ये ठेवला तरी मिळतो, पण आधी स्टोरेज उघडायचं, मग सेल उचलायचा, मग मागे जायचं, यात घाबरलेला माणूस हमखास चुकीचं झाकण उघडतो. सेल इन्व्हेंटरीत जागा खातो हे खरं. खाऊ द्या. टायटॅनियम चार कमी आणा.

सेल भरलेला आहे तरी गाडी बंद पडली, असाही एक मेसेज अधूनमधून येतो. तेव्हा मी विचारतो, ब्लड केल्प किंवा ग्रँड रीफ या खोल भागांत होता का? उत्तर हो आलं तर तो क्रॅबस्क्विड. हा प्राणी विजेचा असा धक्का सोडतो की गाडी थोडा वेळ ठप्प होते. सेल रिकामा होत नाही, त्यामुळे बदलून उपयोग नाही. उलट सेल बदलायला बाहेर आलात तर त्याच्या तावडीत सापडाल. आत गप्प बसा, गाडी आपोआप चालू होईल, मग तिथून काढता पाय घ्या. वीज शून्य असेल तर बाहेर पडा आणि वीज असून गाडी ठप्प असेल तर आत थांबा. ही दोन दुखणी ओळखण्यासाठीसुद्धा उजवीकडचाच आकडा लागतो.

वीज मुळातच कमी पडत असेल तर सीमॉथला चार मॉड्यूल बसतात, त्यातलं एक घर इंजिन एफिशियन्सीला द्या. सोलर चार्जरही मिळतो, पण तो दिवसा आणि उथळ पाण्यात कामाचा. खोल गेलं की ऊन पोचत नाही. ज्याला दीडशे मीटरवर गोते मारायचे आहेत त्याने सोलरच्या भरवशावर राहू नये. सगळ्यात पक्का उपाय मूनपूल. बेसला मूनपूल जोडून त्यात गाडी लावली की ती बेसच्या विजेवर चार्ज होते.

गाडी शेजारी उभी, तरी मेलो

बहुतेक मरणं इथली. सीमॉथ धडधाकट, वीज ऐंशी टक्के, आणि मालक तिच्यापासून थोड्या अंतरावर गतप्राण. याला टाकी लहान असणं फार क्वचित कारणीभूत असतं. कारणं दोन: खोलीचा दंड माहीत नसणं आणि परतीचा हिशेब न करणं.

आधी आकडे. टाकीशिवाय 45 सेकंद मिळतात. साध्या टाकीने ते 75 होतात, हाय कपॅसिटीने 135, अल्ट्रा हाय कपॅसिटीने 225. हे सेकंद उथळ पाण्यातले आहेत. 100 मीटरच्या खाली गेलं की तोच आकडा घड्याळापेक्षा जोरात पळतो आणि 200 च्या खाली आणखी जोरात. पडद्यावर 60 दिसतंय म्हणजे मिनिटभर आहे, असं समजून चालणारा माणूस तिथेच फसतो. टाकीचा आकडा खरा असतो, पण त्यातला प्रत्येक सेकंद आखूड झालेला असतो.

गेम हे लपवत नाही. 100 मीटर ओलांडताना पीडीए, म्हणजे गेममधला आपला बोलका हातातला कॉम्प्युटर, सांगतो की ऑक्सिजनची कार्यक्षमता घटली आहे. 200 ला पुन्हा सांगतो, फारच घटली आहे. पण मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, खोलीत कूलर फुल स्पीडवर घरघरत असतो, स्पीकरचा आवाज आईच्या धाकाने कमी केलेला असतो, आणि इशारा इंग्रजीत. ऐकणार कोण? सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल चालू करा, निदान वाचता येईल. साधा हेडफोन लावला तर त्याहून बरं.

या दंडावर इलाज म्हणजे रिब्रीदर. डोक्यावर घालायची वस्तू आहे, एक फायबर मेश आणि एक वायरिंग किट लागतं. फायबर मेश क्रीपव्हाइन या समुद्री वेलीच्या तुकड्यांपासून होतो, वायरिंग किटला चांदीचं खनिज लागतं, म्हणजे दोन्ही सुरुवातीलाच हाताशी येणारी. तरी पोरं आधी सीमॉथला रंग देतात, रिब्रीदर नंतर बघू म्हणतात. एक गैरसमज दूर करतो: रिब्रीदर घातल्याने टाकी मोठी होत नाही. 135 चे 135 च राहतात. फक्त खोलवर ते 135 खरोखरचे राहतात. म्हणून 80 मीटरवर "रिब्रीदर घालून काही फरक नाही पडला" म्हणणाऱ्याचंही खरं आहे. तिथे पडणारच नव्हता.

जाता जाता, गेमने हा दंड हवेतून काढलेला नाही. खऱ्या पाण्यात दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. 10 मीटरवर दाब दुप्पट, 100 मीटरवर अकरा पट. उघड्या सिलेंडरने श्वास घेणाऱ्याला दर श्वासाला तेवढ्याच पटीने हवा लागते, कारण ती दाबलेली असते. खरा रिब्रीदर सोडलेला श्वास फेकून न देता त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि खर्च झालेला ऑक्सिजन तेवढा भरतो, म्हणून खोलीवर त्याची हवा पुरते. त्या मानाने गेम फारच दयाळू आहे. 200 मीटरवरून सरळ वर आलं तरी रक्तात बुडबुडे होत नाहीत. तापीच्या डोहात कोणी हे करून बघू नये.

आता परतीचा हिशेब. गुहेत शिरणारे खरे पाणबुडे तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळतात: हवेचा एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला आणि एक तृतीयांश अडचणीसाठी राखीव. गेमला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. साधी टाकी असेल तर 50 दिसताच परत फिरा. हाय कपॅसिटी असेल तर 90 ला, अल्ट्रा असेल तर 150 ला. हे आकडे बऱ्याच जणांना भित्रेपणाचे वाटतात. पीडीए 30 सेकंदांचा इशारा देतो ना, मग तेव्हा फिरू, असा त्यांचा हिशेब असतो. 30 चा इशारा म्हणजे परत फिरण्याची वेळ नाही. तोवर तुम्ही गाडीशी पोचलेले असायला हवं. आणि हार्डकोअर मोडमध्ये तर ऑक्सिजनचे हे इशारे येतच नाहीत, जीवही एकच मिळतो. तिथे आकड्यावर नजर ठेवायची सवय आधीच लागलेली असावी लागते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे भुसावळला आला होता, तेव्हा मागे उभं राहून बघितलं. 180 मीटरवर जहाजाचा एक तुटका भाग होता. सीमॉथ त्याच्या बाहेर, एका कडेला, दाराच्या उलट बाजूला लावलेली. भाऊसाहेब लेझर कटरने बंद दार कापताहेत. दार कापायला वेळ लागतो आणि त्या वेळात टाकी तशीच घटते. दार उघडलं तेव्हा 88. मी म्हटलं, "निघ आता." "थांब ना मामा, एवढा डबा बघू दे." डबा बघितला. मग स्कॅन करायला एक तुकडा दिसला. स्कॅनरचा गोल भरेपर्यंत 61. मग मागे वळला तर कोणत्या भोकातून आलो ते कळेना, कारण आत सगळे पत्रे सारखे दिसतात आणि खोली तिरकी झालेली असते. वर जायचं म्हणून वर गेला तर छत. 30 चा इशारा आला तेव्हा तो बरोबर उलट्या दिशेने पोहत होता.

यात टाकी कुठे कमी पडली? 135 ची टाकी होती, रिब्रीदर डोक्यावर होता. कमी पडल्या दुसऱ्याच गोष्टी. दार कापायचं काम आणि आत शोधायचं काम एकाच दमात करायचं नसतं. दार कापा, गाडीत परत या, टाकी भरू द्या, मग आत जा. ऑक्सिजन भरायला क्षणभर लागतो, एवढा कंजूषपणा कशाला? गाडी दाराच्या तोंडाशीच लावा, अशी की बाहेर डोकं काढलं की तीच दिसेल. आणि आत शिरायचं असेल तर पाथफाइंडर टूल घ्या. ते वाटेत खुणा सोडत जातं आणि परतताना त्याच खुणा मार्ग दाखवतात. हे हत्यार बनवून लॉकरमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. लॉकर हरवत नाही हो, तुम्ही हरवता.

डोक्यावर छत असणं आणि नसणं हा खेळातला सगळ्यात मोठा फरक आहे. उघड्या पाण्यात चूक झाली तर सरळ वर जाता येतं. एअर ब्लॅडर असेल तर तो झपाट्याने वर खेचतो, सीग्लाइड, म्हणजे हातात धरून पोहायचं यंत्र, असेल तर त्याहून सोय. पण गुहेत किंवा जहाजाच्या आत वर जाणं म्हणजे छताला चिकटणं. म्हणून छताखाली जाताना तिसऱ्या हिश्श्याचा नियम मोडायचा नाही, उघड्यावर थोडा मोडलात तर चालून जातं.

200 च्या खाली गाडी जात नाही म्हणून पोहत गेलो

ही तक्रार वेगळी लिहितो, कारण ती ठरावीक जागी येते. साध्या सीमॉथची मर्यादा 200 मीटर. त्याखाली बॉडी चेपू लागते आणि दुर्लक्ष केलं तर गाडी फुटते. जेलीश्रूम गुहेत देगासी लोकांचा, म्हणजे तुमच्या आधी इथे अडकलेल्यांचा, जुना तळ आहे साधारण 250 मीटरवर. मग माणूस काय करतो, 200 ला गाडी लावतो आणि उरलेले 50 पोहत उतरतो. म्हणजे गेममधला सगळ्यात महाग ऑक्सिजन, वर छत, भोवती जेलीश्रूममध्ये दडून बसणारे क्रॅबस्नेक, आणि गाडी दूर. इथे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

डेप्थ मॉड्यूल घ्या. मार्क 1 ने मर्यादा 300 होते, मार्क 2 ने 500, मार्क 3 ने 900. मार्क 1 मूनपूलमधल्या व्हेइकल अपग्रेड कन्सोलवर बनतं, पुढची दोन मॉडिफिकेशन स्टेशनवर. एकावर एक लावून बेरीज होत नाही, जे सगळ्यात मोठं तेच धरलं जातं, तेव्हा जुनं काढून नवं घाला आणि एक घर मोकळं करा. मला विचाराल तर अल्ट्रा हाय कपॅसिटी टाकीच्या मागे लागण्याआधी मार्क 1 करा. गाडी 50 मीटर जवळ आली तर ती कुठल्याही टाकीपेक्षा जास्त ऑक्सिजन वाचवते. शिवाय मोठी टाकी पाठीवर घेतली की पोहण्याचा वेग थोडा कमी होतो, ते कोणी हिशेबात धरत नाही.

सुरुवातीला, सीमॉथ बनायच्या आधी, फ्लोटिंग एअर पंप आणि पाइप जोडून खाली हवा नेता येते. उथळ गुहेत एकाच जागी बराच वेळ खणायचं असेल तर ठीक, एरवी पाइप जोडण्यातच जीव जातो. ब्रेन कोरल मात्र लक्षात ठेवा, तो हवेचे बुडबुडे सोडतो आणि त्यात शिरलं की थोडा ऑक्सिजन मिळतो. फुकटचा आहे, जागा ओळखून ठेवा.

बेसमध्ये आलो तरी गुदमरलो

हे ऐकून लोक हसतात, पण घडतं. बेसमध्येही ऑक्सिजन विजेवरच तयार होतो. वीज संपली की बेस म्हणजे पाण्याखालचा कोरडा डबा. त्यातून सोलरवर चालणारा बेस असेल तर रात्री उत्पादन शून्य, आणि एका पॅनेलमध्ये साठा फक्त 75 युनिटचा. तीन पॅनेल पूर्ण भरलेली असतील तरी 225. आता मूनपूलमध्ये रिकामी सीमॉथ लावली, तिचा सेल 200 चा. वर पॉवर सेल चार्जरमध्ये दोन रिकामे सेल घातले, ते आणखी 400. शेजारी पाणी शुद्ध करणारं मशीन चालूच आहे. संध्याकाळी हे सगळं लावून पोरगं म्हणतं, रात्रीत होईल चार्ज. रात्रीत बेस बसतो. गाडी अर्धी चार्ज, बेसमध्ये अंधार, आणि आत शिरलेल्याचा आकडा घटायला लागतो.

इलाज सोपा आहे. चार्जिंग दिवसा करा, एका वेळी एकच मोठं काम लावा. सोलरच्या जोडीला बायोरिअॅक्टर घ्या. त्याचा साठा 500 चा आणि त्याला रात्र-दिवस सारखेच. गरम पाण्याच्या झऱ्याजवळ बेस असेल तर थर्मल प्लँट, साठा 250 चा, तोही रात्री चालतो. पाण्याचं मशीन लागेल तेव्हाच चालवा, ते वीज भसाभस खातं. बेसला वीज नसेल आणि आत अडकलात तर आत बसून पॅनेलची वाट बघू नका. बाहेर पडा, वर जाऊन श्वास घ्या, उजाडू द्या.

प्रॉन आणि सायक्लॉप्स

इथे फार लिहीत नाही, नियम तोच: वीज आहे तोवर हवा आहे. प्रॉन सूट म्हणजे आत बसून तळावर चालवायचा यांत्रिक सूट, त्यात दोन सेल, मर्यादा 900 मीटर. सायक्लॉप्स या मोठ्या पाणबुडीत सहा सेल, म्हणजे साधे असतील तर 1200 युनिट, आणि मर्यादा 500 मीटर. सायक्लॉप्सच्या पोटात सीमॉथ किंवा प्रॉन लावली की ती त्याच 1200 मधून चार्ज होते. हे विसरून लोक विचारतात, इंजिन बंद ठेवलं तरी वीज का उतरली. सायलेंट रनिंग आणि शील्डही भरपूर खातात. निवांत जायचं असेल तर सगळ्यात कमी वेगाने हाका.

एकच गोष्ट तपशिलाने सांगतो, कारण तिथे लोक चक्रावतात. इनअॅक्टिव्ह लाव्हा झोनमध्ये गेलं की वीज काही न करता झपाट्याने घटायला लागते. सेल खराब नसतो. लाव्हा लार्वा नावाचे जीव बाहेरून चिकटलेले असतात आणि वीज शोषत असतात. बाहेर बघा, दिसतील. प्रॉनमधून बाहेर येऊन हाकला, किंवा सायक्लॉप्सवर शील्ड लावा, ते गळून पडतात. त्या भागात जाणार असाल तर थर्मल रिअॅक्टर मॉड्यूल दोन्ही गाड्यांना मिळतं, उष्ण जागी ते वीज परत भरतं. तोवर आयन पॉवर सेल हाती आले असतील तर तेच घाला, एक सेल 1000 युनिटचा.

बिलो झिरोमध्ये सीमॉथ नाही, सीट्रक आहे. तिथेही पहिला प्रश्न हाच: उजवीकडे वीज किती आहे?

गेमबाहेरची दोन कारणं

सबनॉटिका पीसीवर आपोआप सेव्ह होत नाही. मेनूत जाऊन स्वतः सेव्ह करावं लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईटचा काय भरवसा. इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहतो, पीसी मात्र बंद होतो, आणि त्यासोबत दोन तासांचं खोदकाम, स्कॅन केलेले तुकडे, बनवलेला रिब्रीदर, सगळं जातं. मग माणूस चिडून घाईने तेच परत करायला निघतो, आणि घाईत टाकीचा आकडा बघायचा राहतो. लहान यूपीएस घ्या. तासभर बॅकअप नको, सेव्ह करण्यापुरती चार मिनिटं पुरे. ते जमत नसेल तर गाडीत बसलं की सेव्ह, बेसमध्ये आलं की सेव्ह, एवढी सवय लावा.

दुसरं, जुन्या हार्डडिस्कवर गेम टाकला असेल तर सीमॉथ जोरात हाकताना समुद्राचा तळ उशिरा दिसायला लागतो. रिकाम्या निळ्या पाण्यात जातोय असं वाटतं आणि अचानक समोर खडक उभा राहतो. गाडी आदळते, वाट चुकते, वीज वाया जाते. भर दुपारी तापलेला लॅपटॉप असेल तर आणखी अडखळतो. एसएसडीवर टाका, ग्राफिक्स खाली आणा, आणि अनोळखी भागात वेग कमी ठेवा.

एवढं करूनही मरत असाल तर मला नुसतं "भो, परत मेलो" असं पाठवू नका. मेलात तेव्हाची खोली किती मीटर, टाकी कोणती, रिब्रीदर डोक्यावर होता की लॉकरमध्ये, गाडीची वीज किती टक्के, आणि वर छत होतं का, हे पाच लिहा. शक्य असेल तर मरायच्या आधीचा स्क्रीनशॉट टाका, त्यात खालचा डावा आणि उजवा दोन्ही कोपरे दिसले पाहिजेत. वरचा अर्धा कापला तरी चालेल.